डाव्या हाताचे टाके

९ जानेवारी

जावई आज पेटी ठेवून गेले. दारातच उभे! आत या म्हटलं तर म्हणे, "नको आई, खाली गाडी उभी आहे." मग पायाने पेटी जराशी आत सरकवली. म्हणाले, "तिचं विणायचं सामान आहे सगळं. माझ्याच्याने उघडवत नाही."

आणि माझ्याच्याने उघडवेल असं कसं वाटलं यांना? आई म्हणजे काय दगड असते? शर्टाचं बटण चुकीच्या काजात अडकवलं होतं त्यांनी. तेवढंसुद्धा सांगायला जीभ रेटली नाही.

पेटी पलंगाखाली ढकलली.

१० जानेवारी

नाही उघडली.

१२ जानेवारी

उघडली एकदाची! हे बाहेर गेले होते, घरात कुणी नाही, म्हटलं आता पोटभर रडायला मोकळी. आणि बघते तर काय — आधी रागच आला. काय तो गुंता! एक गुंडा धड गुंडाळलेला नाही. निळ्याचं टोक हिरव्यात, हिरव्याचं पिवळ्यात, मध्ये बसचं तिकीट, केसांची पिन, खोकल्याची अर्धी गोळी. शाळेचं दप्तर असंच असायचं हिचं. "डावरे, एक दिवस उंदीर पिल्लं घालेल या दप्तरात," म्हणायचे मी. डावखुरी म्हणून सगळे डावरीच म्हणायचो तिला. शाळेतल्या बाईसुद्धा.

रागावत रागावत सगळा गुंता सोडवला, गुंडे नीट गुंडाळले. ते झाल्यावर तिथेच जमिनीवर बसून रडले. नोव्हेंबरपासून इतकं रडले नव्हते.

सगळ्यात खाली ते सापडलं.

१३ जानेवारी

ते म्हणजे काय, ते लिहिते. पसरलं तर लहान मुलाच्या अंगावर येईल एवढं पांघरूण. धड चौकोनी नाही, धड गोल नाही. एक ठिगळ शिंपल्यासारखं, त्याला चिकटून गोगलगायीसारखं वेटोळं, मग एक उगाच फुगवटा, मग नुसती जाळी. रंगाचा मेळ नाही, टाक्याला टाका नाही. शेंडा ना बुडखा! डावरी म्हणायची, "आई, फ्रीफॉर्म म्हणतात याला. नमुना नसतो. मोजायचं नाही. सुई नेईल तिकडे जायचं."

"सुई नेईल तिकडे गेलीस तर विहिरीत पडशील," असं मी.

"तू विणत नाहीस गं, तू पाढे म्हणतेस." असं ती. आणि मग दोघी हसायचो.

पाढेच खरे. जन्मभर घरी बसून क्रोशाच्या सुईने टेबलाच्या जाळ्या, रुमाल, अभ्र्यांच्या लेस केल्या. सहा साखळ्या, गोल जोडा, त्यात बारा उभे खांब, पुढच्या फेरीत चोवीस. झोपेत विचारा, सांगेन.

पांघरुणात एका बाजूला ताटलीएवढं भोक आहे. त्या भोकाच्या काठावर शेवटचा टाका. दोरा कापलेला नाही, फास तसाच, सुटू नये म्हणून त्यात सेफ्टी पिन. म्हणजे इथवर येऊन थांबली. पिन लावली, उठली आणि दवाखान्यात गेली. पोटाचं साधं ऑपरेशन आहे, चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणाले होते. मीसुद्धा म्हणाले होते.

त्या आठवड्यात चिमणी माझ्याकडे होती. सात वर्षांची नात, तिला कशाला दवाखाना दाखवायचा म्हणून. तेव्हा डावरीचा फोन आला होता — "आई, चिमणीचं डोकं मोजून सांग ना." मापाची पट्टी लावून मी सांगितलं. टोपी करायची असेल. पेटी पुन्हा पुन्हा चाचपली, टोपी काही सापडली नाही. सुरूच केली नसेल बिचारीने.

१६ जानेवारी

जावयांची बदली झाली. लांब, आणि थंडीच्या गावी. त्यांची बहीण तिथे आहे, ती चिमणीचं बघेल. सत्तावीस फेब्रुवारीला निघायचं.

"येत राहू आई आम्ही," म्हणाले.

येतात कसले! आधी सुट्टीत येतात, मग वर्षाने, मग नुसता फोन. त्यांनाही दोष देत नाही. तरणा माणूस आहे, उद्या दुसरं लग्न केलं तरी मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पण मग चिमणीची मी कोण? मेलेल्या आईची आई. असलं नातं कोण सांभाळतं?

ह्यांना सांगितलं तर उठले आणि तेलाची बाटली घेऊन दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायला लागले. नोव्हेंबरपासून हेच. घरात एक दार कुरकुरत नाही आता. माणूस कधी आत आलं कळत नाही.

१७ जानेवारी

ठरलं. ते भोक मी भरणार. पांघरूण पुरं करून चिमणीबरोबर देणार. तिथल्या थंडीत रोज अंगावर घेईल. निदान अंगावर घेताना तरी आठवण काढेल.

१८ जानेवारी

नाचता येईना अंगण वाकडं — पण इथे अंगण खरंच वाकडं आहे हो!

पिन काढून माझ्या बाहीला लावली, तिच्या फासात सुई घातली आणि दोन ओळी विणल्या. दिसायला भयंकर. तिचे टाके एका अंगाला कललेले, माझे दुसऱ्या. तिचे गोल उजवीकडे फिरतात, माझे डावीकडे. फाटक्या कपड्याला चुकीच्या रंगाचं ठिगळ लावावं तसं दिसतं. लांबून बघून कुणीही म्हणेल, इथे आई मेली आणि इथून आजीने हात घातला.

उसवलं. फास पुन्हा पिनेत.

१९ जानेवारी

तिला शिकवलं तेव्हा काय केलं होतं ते आठवत होते. शेजारी बसवून शिकवायला गेले तर डावरीला काही जमेना. सगळं उलटं. रडकुंडीला आली, मी तिच्याहून जास्त. मग तीच उठली आणि माझ्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "आई, तू कर. मी आरशातल्यासारखं करते." माझा उजवा हात हलला की समोर तिचा डावा. एका दुपारी शिकली! मला आपलं वाटायचं की मीच शिकवलं.

आता समोर कुणी नाही.

२० जानेवारी

आरसा आहे की!

२१ जानेवारी

कपाटाच्या आरशासमोर स्टूल टाकून बसले. उजव्या हाताने विणायचं, नजर आरशातल्या बाईवर. ती डावखुरी. तिचं बघून घ्यायचं, मग सुई डाव्या हातात घेऊन तसंच करायचं. या वयात! बोटं ऐकतच नाहीत. सुई धरली की लाटणं धरल्यासारखी. एक साखळी घालायला घाम फुटला.

हे मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही — बिजागऱ्यांची कृपा. म्हणाले, "काय चाललंय?" म्हटलं, "डाव्या हाताने शिकतेय." माझ्याकडे बघितलं, आरशातल्या माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू तिला ओरडायचीस, सुई अशी धरू नको म्हणून. अगदी तशीच धरली आहेस."

आणि बाहेर गेले.

२४ जानेवारी

खांदा भरून आला. साखळी जमली. तिरकी का होईना, जमली.

२९ जानेवारी

लोकरीच्या दुकानात गेले. पिवळा कमी पडणार. दुकानातल्या बाई गप्पिष्ट आहेत, कुणालाही अर्ध्या तासाच्या आत सोडत नाहीत. माझ्या हातातला धागा घेऊन बोटांत फिरवला. "हा त्या डाव्या हाताच्या मुलीचा," म्हणाल्या. "उरलेसुरले गुंडे घेऊन जायची. म्हणायची, ज्यांना कुणी नेत नाही ते द्या मला." मग विचारलं, "आली नाही बऱ्याच दिवसांत. बरी आहे ना?"

काय सांगायचं? म्हटलं, "मी तिची आई." त्यांना कळलं. आतून एक पेटाराच ओढून आणला आणि तळातून एक पिवळा गुंडा काढून दिला, हातात दाबून. रस्त्यावर येईपर्यंत धीर धरला. मग बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे बघत होते. बघेनात!

२ फेब्रुवारी

एक गोल झाला. डाव्या हाताने. पण कसा — सपाट, घडीव, पुरीसारखा गरगरीत! मोजला तर सहा, बारा, अठरा. न मोजता केला होता हो मी! बोटंच मोजतात मेली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

उसवला.

५ फेब्रुवारी

चिमणी राहायला आली होती दोन दिवस. जावयांना घर आवरायचं होतं. पांघरूण मी कपाटात उशांच्या मागे लपवून ठेवलं. जाताना हातात द्यायचं, एकदम. डोळे कसे होतील तिचे!

तिने सगळं घर धुंडाळलं. मग विचारलं, "आजी, आईचं ते रंगीत रंगीत कुठे आहे? बाबा म्हणाले तुझ्याकडे दिलंय."

"कुठलं गं?" मी आपली साळसूद.

"आई करत होती ते. माझं आहे ते."

"शोधू हं," म्हटलं. खोटं बोलायला एरवी मला जमत नाही, आज बरं जमलं. तोंड एवढंसं झालं तिचं. क्षणभर वाटलं काढून दाखवावं. पण अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही ही माझी जुनी सवय. भोक तसंच होतं ना अजून.

बाहुलीचे केस ती डाव्या हाताने विंचरते. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

आज काहीतरी झालं. टेबलाच्या जाळ्या सांगितलेल्या बाईंना सकाळीच कळवलं, तुमचं काम आता होणार नाही, दुसरीकडे द्या. आयुष्यात पहिल्यांदा हातचं काम परत केलं. मग आरसा सोडून खिडकीत जाऊन बसले आणि तिच्याशी बोलत बोलत विणायला लागले. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. तुझ्या नवऱ्याला बटणं लावता येत नाहीत. तुझ्या बापाने तेलाची दुसरी बाटली आणली. तुझी पोर तुझ्यासारखीच हट्टी आहे. मला सांगितल्याशिवाय गेलीस, तुझ्याशी बोलणारच नाही — असं म्हणत म्हणत किती बोलले!

खाली बघते तर एक ठिगळ झालेलं. वाकडं, एका कडेला चुण्या पडलेल्या, मध्येच निळा संपून पिवळा शिरलेला. मोजायचा प्रयत्न केला. मोजताच येईना! हसूच फुटलं. डावरे, बघ गं!

१४ फेब्रुवारी

रोज बसते. भोक आता बशीएवढं राहिलंय. सुई नेईल तिकडे जाते, विहिरीत काही पडले नाही.

सुख वाटतं विणताना. मग सुख वाटलं म्हणून लाज वाटते. पोर गेली आणि ही बया खिडकीत बसून गाणं गुणगुणते! पण खरं सांगायचं तर ती जिवंत असताना इतकी जवळ बसली नव्हती माझ्या. लग्न झाल्यावर यायची ती घाईत, निम्मा वेळ फोनवर. आता सकाळ-दुपार माझ्याजवळच असते.

१९ फेब्रुवारी

भरलं! शेवटचं ठिगळ जोडलं. टोकं आत घेतली. तिची पिन आता रोज माझ्याच बाहीला लावते. टोकं लपवणं म्हणजे आपलं हातखंडा काम. माझ्या लेसचं टोक आजवर कुणाला सापडलेलं नाही, मला स्वतःलासुद्धा.

ह्यांना बोलावलं. म्हटलं, "सांगा बघू, हिचं कुठलं आणि माझं कुठलं?" चष्मा लावून, खिडकीत नेऊन, उलटं करून, सुलटं करून बघितलं. एका ठिगळावर बोट ठेवलं. "हे तुझं." ते तिचं होतं! मग दुसरं. तेही तिचं. मग मीच शोधायला लागले, तर मलाही खात्रीने सांगता येईना. हे पलंगाच्या कडेवर बसले आणि पांघरूण तोंडावर घेतलं. खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी शेजारी बसून राहिले.

२१ फेब्रुवारी

कोमट पाण्यात धुतलं. चादरीवर पसरून, टाचण्या लावून वाळवलं. दार बंद करून ठेवलंय. कुणी पाय दिला तर खैर नाही.

२६ फेब्रुवारी

दोघं आली. उद्या सकाळी इथूनच निघणार. पॅसेजमध्ये चालायला जागा नाही, एवढ्या बॅगा. चिमणीने बाहुली कुठल्या बॅगेत गेली म्हणून तीन बॅगा उघडायला लावल्या. जावई चिडले नाहीत. खाली बसून शांतपणे एकेक उघडत होते. चांगला माणूस आहे. डावरीने माणूस चांगला निवडला होता, हे तिला कधी सांगितलं नाही मी.

जेवणानंतर म्हणाले, "आई, फोन करत जाईन रोज."

"हो," म्हटलं. पांघरूण उशीखाली घेऊन लिहिते आहे. एकदा ते तिच्या हातात पडलं की माझ्याकडे तिला द्यायला काहीच उरणार नाही.

२७ फेब्रुवारी

गेली.

सकाळी दिलं तिला. छातीशी धरलं, नाक खुपसलं. मग जमिनीवर पसरलं. उलटं केलं, सुलटं केलं, हाताने सगळीकडे चाचपत राहिली. म्हटलं कौतुकाने बघते आहे. तर मान वर करून म्हणाली, "आजी, डोकं कुठून घालायचं?"

तिने पुन्हा एकदा सगळीकडे हात फिरवला.

"इथे होतं ना भोक. आई म्हणाली होती, तू आजीकडून आलीस की घालून बघू, मग गळा बंद करू."

टोपी नव्हतीच. गळ्याचं माप होतं ते. पांघरूणच नव्हतं ते, डोक्यातून अंगात घालायचं होतं! एवढी वर्षं विणकाम केलेली मी, आणि मला कळलं नाही.

कात्री आणली. विणलेल्याला आजवर कधी कात्री लावली नव्हती. पण लावायची कुठे? माझे टाके कुठले आणि तिचे कुठले, ते काही दिसेना. टोक एक सापडेल तर शपथ. कात्री हातात घेऊन ते पुन्हा उलटं-सुलटं केलं. तर चिमणी उठली, ते डोक्यावरून घेऊन तशीच उभी राहिली, झाकलेली. "इथे आहे बघ मी," आतून म्हणाली. वरून हात लावला. जिथे डोकं टेकलं होतं तिथलं विणकाम चिमटीत वर ओढून धरलं आणि कापलं. उसवत गेले. एखादा टाका डावरीचाही गेला असेल.

डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, गाल लाल.

खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. वाजू दे म्हटलं. तिला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि ते तिच्या अंगात असतानाच डाव्या हाताने गळ्याची फेरी घातली. ती श्वास रोखून माझी बोटं बघत होती. तिचा डावा हात आपोआप हलत होता.

दोरा नाही कापला. शेवटचा फास तसाच ठेवला, धाग्याचा छोटा गुंडा आत टाचला, आणि बाहीची पिन काढून फासात अडकवली.

"टोचणार नाही ना हिला?" जावई म्हणाले.

"नाही टोचणार," म्हटलं. "डोकं वाढतं आहे तिचं, गळा मोठा करावा लागेल. तेव्हा घेऊन या."